भूक लागणे, गोड लागणे, अंगी लागणे

मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला 'लागणे' या क्रियापदाने जेवढे रडवले असेल, तेवढे दुसऱ्या कोणी रडवले नसेल. ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, उन्हाळी लागते. आणि ज्याला बाहेरून काहीच लागत नाही त्याच्या मनाला लागते! वर्षभर या सदरातून आपण एकेका शब्दाची झडती घेत आलो. दिवाळी अंकासाठी शब्द निवडताना मात्र मी मुद्दाम स्वयंपाकघरात शिरले, कारण या चार दिवसांत आपले निम्मे बोलणे तिथूनच निघते. तिथे हे 'लागणे' ओळीने तीनदा भेटते. आधी भूक लागते. घास तोंडात गेला की तो गोड लागतो. आणि सरतेशेवटी खाल्लेले अंगी लागते. किंवा लागत नाही, आणि मग घरोघर त्याची चर्चा होते.

फराळाला आलेल्या मावश्या-काकवा घरातल्या एखाद्या सडपातळ मुलाला आपादमस्तक न्याहाळतात आणि निकाल देतात, "एवढं खातो, पण मेल्याच्या अंगी म्हणून काही लागत नाही!" मग त्याच्या ताटलीत आणखी दोन करंज्या पडतात. शेजारी बसलेल्या त्याच्या बहिणीला मात्र वारा प्यायला तरी अंगी लागतो, म्हणून तिला एकच करंजी. न्यायदानाची ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे.

मी मराठीची अध्यापिका. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण गेल्या वर्षी घरातल्याच एका प्रसंगामुळे मला या विषयाची पुस्तके उघडावी लागली, आणि वाचता वाचता एक गंमत ध्यानात आली. भूक, चव आणि पोषण या तीन गोष्टींना आपल्या भाषेने एकाच क्रियापदात बांधले आहे, आणि शरीरानेही त्या एकाच सूत्रात ओवल्या आहेत.

आधी ते 'अंग' कुठे असते ते पाहू. अन्न खऱ्या अर्थाने अंगी लागते ते लहान आतड्यात. त्याची लांबी सुमारे ६ मीटर. आतून पाहिले तर त्याला घड्या, घड्यांवर मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर, आणि त्या अंकुरांवर आणखी सूक्ष्म लव. हे सारे उलगडून अंथरले तर सुमारे ३० चौरस मीटर जागा भरेल. हा आकडा डोळ्यांपुढे येत नसेल तर नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीची आठवण करा. ती खोली १६० चौरस फुटांची. अशा दोन खोल्या प्रत्येक मुंबईकर आपल्या पोटात बाळगून आहे, आणि त्याही बिनभाड्याच्या!

या दोन खोल्यांतला कारभार मोठा चोख असतो. निरोगी माणसाने १०० ग्रॅम तूप-तेल खाल्ले तर त्यातले ९५ ग्रॅमच्या आसपास शोषले जाते. म्हणजे मावशींचा तो सडपातळ भाचा आजारी नसेल, तर त्याच्याही अंगी सगळे लागतच असते. तो ते खर्च करतो, किंवा मावशींना वाटते तेवढे तो खातच नाही. मग प्रश्न उरतो तो असा: एवढे काम वेळच्या वेळी उरकते कसे? अन्न केव्हा आले, किती आले, त्यात तूप किती नि साखर किती, ही वर्दी कोण देते?

याचा पहिला उलगडा १९०२ साली लंडनमध्ये झाला. बेलिस आणि स्टार्लिंग हे दोघे शास्त्रज्ञ नात्याने मेहुणे. स्टार्लिंगची बहीण बेलिसला दिलेली होती. त्यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सारे मज्जातंतू तोडले आणि त्यात थोडे आम्ल सोडले. तारा तोडल्यावर बातमी पोचू नये. पण दूरच्या स्वादुपिंडाने लगेच पाचक रस सोडायला सुरुवात केली! निरोप तारेने गेलाच नव्हता. तो रक्तातून, टपालाने गेला होता. आतड्याच्या अस्तराने एक द्रव्य रक्तात सोडले आणि रक्ताने ते पत्त्यावर पोचवले. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा द्रव्यांना 'हार्मोन' हे नाव दिले. चेतवणे, हालचालीला लावणे अशा अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ते घेतले होते. आपण त्याला 'संप्रेरक' म्हणतो, आणि या बाबतीत आपल्या परिभाषाकारांना शाबासकी द्यायला हवी. मूळ शब्दाचा जीव त्यांनी हरवू दिला नाही.

म्हणजे माणसाला सापडलेले पहिले संप्रेरकच मुळी आतड्यातले. आज अशी अनेक माहीत आहेत. त्यांतली काही भुकेची आहेत, काही तृप्तीची.

भुकेचे संप्रेरक जठरातून निघते. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते शोधले आणि त्याला 'घ्रेलिन' असे नाव दिले. त्यातल्या 'घ्रे' या प्राचीन भारत-युरोपीय धातूचा अर्थ वाढणे, मोठे होणे. कारण शरीराची वाढ करणाऱ्या संप्रेरकालाही ते जागे करते. आता मराठीत पाहा. मूल वाढते, आणि आई त्याला वाढते. दोन्ही क्रियांना आपला शब्द एकच.

जेवणाच्या वेळेआधी हे घ्रेलिन रक्तात जवळजवळ दुप्पट होते आणि जेवण होताच उतरते. विशेष म्हणजे ते घड्याळ ओळखते. ज्याला रोज साडेबाराला जेवायची सवय, त्याचे घ्रेलिन बाराच्या सुमारास चढू लागते. मुंबईत ही शिस्त आपल्याला डबेवाल्यांनी लावली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला, तेव्हापासून दादर-गिरगावातून निघालेला डबा फोर्टातल्या कचेरीत ठरल्या वेळी टेबलाशी पोचतो. डबा हातात पडण्याआधीच जठर त्याची वाट पाहत असते. घ्रेलिन नुसती भूक जागवत नाही, जठराची हालचालही वाढवते. पाहुणे यायच्या आधी ओटा आवरून ठेवावा, तसे.

'गोड लागणे' ही दुसरी पायरी. ती रशियाच्या पावलोवने दाखवली. त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनावरच्या कामासाठी. त्याच्या कुत्र्याने गिळलेला घास जठरात न जाता गळ्याशी केलेल्या छिद्रातून बाहेर पडे. तरीही जठर भराभर पाचक रस सोडी. पोटात अन्नाचा कणही नसताना, केवळ चवीने! तोंडाला पाणी सुटते ते आपल्याला दिसते. त्याच वेळी पोटालाही सुटते, ते दिसत नाही एवढेच. आवडीचे पदार्थ पानात हवेत, चार घास गोडीने खाल्ले जावेत, हा आपल्या आज्यांचा हट्ट म्हणजे नुसते लाड नव्हते.

आता तिसरी पायरी, म्हणजे खरे 'अंगी लागणे'. वरण-भातावर तूप घालून तुम्ही जेवायला बसलात. जठरातून तो भात थोडा थोडा लहान आतड्यात उतरला. तूप आणि वरणातली प्रथिने अस्तराला लागताच तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक निघते. नाव जिभेला वळसे घालणारे, पण अर्थ सरळ: पित्ताशयाला हलवणारे. हा एकच निरोप्या चार दारी जातो. पित्ताशयाला सांगतो, पित्त सोड, तूप फोडायचे आहे. स्वादुपिंडाला सांगतो, पाचक रस पाठव. जठराला सांगतो, जरा दमाने, पहिले संपल्याखेरीज पुढचे पाठवू नकोस. आणि चौथ्या दारी, मेंदूला सांगतो, पुरे. १९७३ मध्ये हे द्रव्य टोचलेले उंदीर लवकर जेवण थांबवतात असे दिसून आले, तेव्हा या चौथ्या दाराचा पत्ता लागला.

त्या चमचाभर तुपाचे कामही इथेच कळते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धाच्या सोबतीनेच आत शिरतात. नुसता गाजराचा कीस चावत बसण्यापेक्षा त्यावर फोडणी घातलेली कोशिंबीर बरी, ती यासाठी.

याहून नवलाची गोष्ट आतड्याच्या शेवटच्या टोकाला आहे. वर शोषायचे राहून गेलेले तूप-तेल तिथवर घरंगळत आले, तर ते टोक दुसरी संप्रेरके सोडते आणि वरच्या साऱ्या वाहतुकीला ब्रेक लावते. १९८४ मध्ये संशोधकांनी हा ब्रेक माणसांत दाखवला. अन्न सावकाश सरकू लागते, राहिलेले शोषून घ्यायला अवधी मिळतो, आणि त्याच निरोपाने भूकही मंदावते.

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. पोट भरल्याची जाणीव म्हणजे 'आता नको' एवढाच नकार नव्हे. 'आलेले आधी मार्गी लागू दे' अशी ती मुदत मागणे आहे. तृप्तीचा निरोप आणि पोषणाचा निरोप हे दोन नाहीतच. एकच पत्र, पत्ते दोन.

आणि हे पत्र फाडून टाकण्याची आपली रीत म्हणजे आग्रह! "माझ्या हातचा एक लाडू नाही घेतलास तर मी रागावेन" ही प्रेमाची धमकी दर दिवाळीला शेकडो घरांत दिली जाते. पाहुणा बिचारा हात आडवा धरतो, तो यजमानिणीचा अपमान करायला नव्हे. त्याच्या आतड्यातून तसा हुकूम सुटलेला असतो. भराभर खाण्याचेही तेच. २०१० मध्ये अथेन्सच्या संशोधकांनी काही निरोगी माणसांना ३०० मिलिलिटर आइस्क्रीम एकदा ५ मिनिटांत आणि एकदा ३० मिनिटांत खायला लावले. तेच आइस्क्रीम, तीच माणसे. पण सावकाश खाल्ले तेव्हा तृप्तीची संप्रेरके रक्तात अधिक चढली. घाईने खाणाऱ्याचे ताट निरोप पोचायच्या आत रिकामे होते, आणि तो दुसऱ्यांदा वाढून घेतो.

हे सारे नळीतले आणि प्रयोगशाळेतले झाले. माणसांत ते पाहायचे तर लालबाग-परळच्या खानावळी आठवाव्या लागतात. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार तिथल्या बायकांकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. चुलीपुढे दिवस काढणाऱ्या या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांच्या हातचे काम गेले, आणि त्यांच्याबरोबर या खानावळींचेही दिवस फिरले.

माझ्या सासूबाईंचे माहेर लालबागचे, आणि त्यांच्या आईची अशीच खानावळ होती. गिरण्यांचे भोंगे मला नीटसे आठवत नाहीत, पण त्यांच्या तोंडून ते इतके ऐकले आहेत की पाठ झाले. पाळीप्रमाणे पंगती बसत. रात्रपाळीचे गडी पहाटे घरी येत, कित्येकांना नीट भूकच नसे, आणि खाल्लेले जळजळे. त्यांची आई म्हणे, "त्यांचं पोट झोपलेलं असतं, त्याला उठवून जेवू घालू नये." आज प्रयोगांनी दाखवले आहे की तेच जेवण रात्री घेतले तर रक्तातली साखर दिवसापेक्षा अधिक चढते. त्या माउलीने प्रयोग केला नव्हता. तिने फक्त रोज वीस-पंचवीस माणसांचे चेहरे पाहिले होते.

सासूबाई तेव्हा परकरी पोर. पाणी देणे, भाकरी वाढणे त्यांच्याकडे. सगळ्यांचे झाले की मायलेकी जेवत, उरेल ते. लग्न होऊन दादरला आल्या तरी ही सवय गेली नाही. आमच्या घरात शेवटी जेवण्याचा मान त्यांनी कधी कोणाला दिला नाही.

गेल्या वर्षी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे जेवण तुटत गेले. अर्धी पोळी, मग पाव पोळी, मग "मला नको गं, पोट भरलंय." सहा महिन्यांत वजन ४८ किलोवरून ४१ वर आले. आपल्याकडे जेवण नाकारणे ही नुसती शारीरिक गोष्ट मानत नाहीत. ती एक भाषा आहे. राग, रुसवा, वैराग्य, सारे त्यात वाचले जाते. भाऊबीजेला आलेल्या एका नातलग बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आईंना इथलं गोड लागत नसेल." 'लागणे' या क्रियापदाचा मनाला लागणारा अर्थ मी त्या दिवशी नव्याने शिकले.

मी उत्तर दिले नाही. सासूबाईंना परळला आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी मोठे आजार नाहीत ना याची खात्री करून घेतली. म्हातारपणी वजन असे झरझर उतरले तर ते वयावर ढकलून स्वस्थ बसू नये, हे त्यांनी बजावले, आणि ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे. मग त्यांनी समजावले. वय झाले की जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि ते 'पुरे' सांगणारे कोलेसिस्टोकायनिन रक्तात अधिक राहते. चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, ते खरेच वाटते. त्यात रुसवा नाही, नाटक नाही. आणि हे दुष्टचक्र असते. जेवण झाले की आतडे आणखी एक संप्रेरक सोडते, त्याचे काम म्हणजे त्या मखमली अंकुरांची निगा आणि वाढ. (आतड्याचा बराच भाग कापावा लागलेल्या रुग्णांसाठी याच संप्रेरकाच्या धर्तीवरचे औषध २०१२ पासून वापरात आले.) जेवणच तुटले की अंकुर खुरटतात. भुकेला भूक खाते म्हणतात, ती अशी.

तपासणीत बी-१२ हे जीवनसत्त्वही फार कमी निघाले. ते आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषले जाते, आणि तेही जठराने सोडलेल्या एका द्रव्याचे बोट धरून. म्हातारपणी जठराचा रस आटतो, मग दूध-ताक पिऊनही ते अन्नातून नीट सुटत नाही. आणि ते कमी पडले की भूक आणखी मरते. ही उणीव काही एकट्या म्हाताऱ्यांची नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या दोन-तृतीयांशांत बी-१२ कमी होते, आणि सर्वांत वाईट स्थिती होती शहरी मध्यमवर्गाची. तिथे मुख्य कारण शाकाहारी ताट. म्हणजे खाऊन-पिऊन सुखी म्हणवणाऱ्या आपल्याच घरांची ही गोष्ट!

उपाय साधे निघाले. बी-१२ ची इंजेक्शने. ताट भरून न वाढता वाटीभर, पण दिवसातून पाच-सहा वेळा. जेवणाआधी चहाने पोट भरायचे नाही. डाळ, दही, पनीर यांचा हात सैल. आणि त्यातल्या त्यात भूक सकाळी बरी असते, तर मोठे खाणे सकाळी. आम्ही आग्रह बंद केला आणि वेळ पाळू लागलो. आता सकाळी साडेआठला त्या ओट्याशेजारी खुर्ची घेऊन बसतात, आणि तव्यावरचे पहिले थालीपीठ लोण्याच्या गोळ्यासह त्यांच्या बशीत जाते. एकदा माझ्या मुलाला म्हणाल्या, "जन्मभर शेवटच्या पंगतीला बसले रे, आता पहिली पंगत माझी." वजन ४४ वर आले आहे. फार नाही, पण काटा उलट फिरला.

याच घरात याच्या नेमकी उलट तऱ्हाही आहे. भूक मारण्याची इंजेक्शने आता आपल्या ओळखीपाळखीत शिरली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपेटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात विक्रीला आले. माझ्या एका दिरांना मधुमेह आणि स्थूलतेसाठी डॉक्टरांनी असे औषध दिले आणि त्यांना गुण आहे. ही औषधे म्हणजे दुसरे काही नसून त्याच आतड्याच्या तृप्तीच्या निरोपाची नक्कल. फरक एवढाच की आतड्याचा स्वतःचा निरोप काही मिनिटांत विरतो आणि इंजेक्शनातला आठवडाभर टिकतो. म्हणून घास कमी झाले तरी त्यांत प्रथिने आणि भाजीपाला पुरेसा राहील हे पाहावे लागते. ज्यांना गरज आहे त्यांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे. लग्नाच्या फोटोसाठी मैत्रिणीची चिठ्ठी वापरून घेऊ नये, हे माझ्या विद्यार्थिनींना मी वर्गातही सांगते.

तर एका घरात एकाची भूक जागवायची आणि दुसऱ्याची आवरायची, असा आमचा कारभार आहे. तुमच्या घरीही थोडाफार असाच असेल. यंदा फराळाची ताटे भराल तेव्हा ती सगळी एकसारखी भरू नका. म्हाताऱ्यांना थोडे, पण पुनःपुन्हा द्या. मुलांना वेळेवर द्या. घरातली जी बाई सगळ्यांचे झाल्यावर उभ्या उभ्या दोन चकल्या तोंडात टाकते, तिला आधी खाली बसवा. आणि कोणी हात आडवा धरला तर त्याचा शब्द माना. लाडू कुठे पळून जात नाहीत. डब्यात झाकून ठेवा, चार वाजता पुन्हा विचारा. तोवर भूक लागलेली असेल, तेव्हा तो अधिक गोड लागेल, आणि अंगीही लागेल.

दिवाळी सर्वांना सुखाची जावो.